दोन निवडणुका, दोन बंदुका

आमच्या घरात निवडणूक आल्याचं सगळ्यात आधी बंदुकीला कळायचं. प्रचाराच्या गाड्या, भोंगे, हात जोडून दारात उभी राहणारी माणसं हे सगळं नंतर. आचारसंहिता लागली की दोन-चार दिवसांत पोलीस ठाण्यातून नानांना निरोप यायचा, बाबा, हत्यार आणून जमा करा. नाना म्हणजे माझे वडील. नाशकाजवळ मखमलाबादच्या अंगाला आमचा द्राक्षाचा मळा आहे, आणि त्या मळ्यासाठी आजोबांनी कधीकाळी घेतलेली दोन नळ्यांची बाराबोरची बंदूक त्यांच्यामागे नानांच्या नावावर आली. परवान्यावर कारण लिहिलंय पीकसंरक्षण. निवडणूक विधानसभेची असो की लोकसभेची, मतदानाआधी ती ठाण्यात जायची आणि निकाल लागला की घरी यायची. आई होती तेव्हा म्हणायची, माझ्यापेक्षा हीच जास्त वेळा माहेरी जाते.

बंदूक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मिशा आणि दरारा येतो. आमच्या बंदुकीनं आयुष्यात कोणाच्या केसाला धक्का लावलेला नाही. तिचं काम पाखरं उठवायचं. द्राक्षांत साखर भरायला लागली की उजाडता उजाडता साळुंक्या आणि बुलबुल यायचे, आणि एकेक घड असा टोचायचे की दुपारपर्यंत त्याला मुंग्या. नाना बांधावर उभे राहून आभाळाकडे एक बार काढायचे. अख्खा थवा उठून शेजारच्या मळ्यात जायचा. शेजारचे काका पत्र्याचा डबा बडवायचे, की थवा परत आमच्याकडे. दोन्ही घरं मिळून पाखरांना व्यायाम घडवायची, असं आता वाटतं.

त्या वेळी नानांच्या शेजारी मी उभी असायचे. फ्रॉकच्या खिशात काडतुसं घेऊन. धाकटा भाऊ घरात खाटेखाली, दोन्ही कानांत बोटं घालून. बार व्हायच्या कितीतरी आधी तो बोटं घालून बसायचा आणि झाल्यावरही कितीतरी वेळ काढायचा नाही. त्याला जेवायला बोलवायचं तर खाटेखाली वाकून हात ओढावा लागे.

रविवारी नाना बंदूक उघडून पुसायचे. लांब गजाच्या टोकाला चिंधी, चिंधीला तेल, आणि ती नळीतून आरपार. चिंधी फाडून द्यायचं काम माझं. मग नाना नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "आत आरसा दिसला पायजे." मलाही बघायला द्यायचे. आत खरंच उजेडाच्या गोल गोल कड्या दिसायच्या, एकीत एक. नानांनी मला काही शिकवलं असं नाही. मी तिथं असायचे, एवढंच.

पुढं माझं लग्न देवळाली कॅम्पाकडच्या फुलशेतीवाल्या घरात झालं. आमच्याकडे झेंडू आणि शेवंती. तिथं लष्कराच्या तोफांचा सराव चालतो, त्यामुळे आवाजाचं मला नवल नव्हतंच. माझ्या सासूबाई तोफा चालू असताना दुपारची गाढ झोप काढतात आणि पातेल्यावरचं झाकण पडलं की दचकून उठतात. भाऊ शिकला, नोकरीला कॅनडात गेला, तिथंच बायको-मुलांत रमला, तिथला नागरिक झाला. आणि एक दिवस त्यानं फोटो पाठवला. हा खाटेखालचा पठ्ठ्या हातात रायफल घेऊन बर्फात उभा. ऑफिसातल्या मित्रांबरोबर नेमबाजीच्या क्लबात जायला लागला होता म्हणे. नानांनी तो फोटो मोठा करून घेतला आणि बैठकीच्या खोलीत देवघराच्या बाजूला लावला. आल्यागेल्याला दाखवायचे. "पोरानं घराचं नाव राखलं," म्हणायचे. मी चहाचे कप उचलत ऐकायचे.

मी सांगतेय त्या वर्षी आपली विधानसभेची निवडणूक होती आणि गंमत अशी की कॅनडातलीही देशाची निवडणूक त्याच दिवशी. भावानंच हे शोधून काढलं आणि त्याला फार मौज वाटली. मौज थोडेच दिवस टिकली.

नेहमीप्रमाणे नानांना निरोप आला. बंदूक ठाण्यात पोचवायचं काम काही वर्षांपासून माझ्याकडे होतं, कारण फुलांचा टेम्पो मीच चालवते. नवऱ्याला फुलं पिकवता येतात, नाशकातल्या द्वारकेच्या चौकातून गाडी काढता येत नाही. त्या दिवशी द्वारकेनं मलाही अडकवून ठेवलं. मखमलाबादला पोचले तेव्हा नाना धुतलेला पांढरा सदरा आणि टोपी घालून ओट्यावर बसले होते, मांडीवर कापडी खोळीतली बंदूक.

"लय उशीर केला," नाना म्हणाले.

"मंत्र्यांची गाडी जाणार होती म्हणून चौक बंद केला होता."

"त्यांच्यापायीच जमा करायची, आन् तेच रस्ता आडवणार," म्हणून ते टेम्पोत चढले.

नाक्यावर निवडणुकीची तपासणी चालू होती. एकाच्या हातात कॅमेरा, एकाच्या हातात काठी, बाकीचे सावलीत. गाड्यांत पैशांच्या थैल्या सापडतात का ते बघत होते.

"गाडीत काय?" काठीवाल्यानं विचारलं.

"झेंडू," मी म्हणाले.

"आन् बंदूक," नाना म्हणाले.

सावलीतले सगळे उठले. कॅमेरावाला तर इतका खूश झाला की त्यानं नानांना खोळ दोनदा उघडायला लावली. नानांनी परवाना दाखवला, ठाण्याचा निरोप सांगितला, नळ्या उघडून रिकाम्या असल्याचं दाखवलं. मग काठीवाल्यानं क्रेटमधल्या फुलांतही हात घालून बघितला. शेवटी फुलं कशी दिली, असं विचारून त्यानं दसऱ्याची ऑर्डर दिली. त्याच्या फुलांचे पैसे मी आजपर्यंत मागितले नाहीत, तो भाग वेगळा.

ठाण्यात रांग होती. एकजण बिल्डर, हातात चामडी पाकिटात छोटं पिस्तूल. एक ठेकेदार. दोन-तीन आमच्यासारखे मळेवाले. निवडणुकीच्या दिवसांत बंदुकवाल्यांच्या रांगेत उभं राहिलं की सगळ्या देशाचं गाऱ्हाणं ऐकायला मिळतं. बिल्डर म्हणत होता, "निवडणुकीत खरी भीती आम्हालाच, आणि हत्यार काढून घेतात ते आमचंच. ज्यांच्याकडे परवाना नाही त्यांना कोण विचारतं?" ठेकेदारानं सूट मिळावी म्हणून अर्ज केला होता, तो फेटाळला होता. एक मळेवाले म्हणाले, "बिबट्या आला तर त्याला काय सांगायचं, आचारसंहिता लागू हाय म्हणून?" सगळे हसले. नाना मात्र शांत. त्यांच्या लेखी हा दर वेळचा रिवाज होता. दिली, पावती घेतली, घरी.

टेबलापाशी एक नवीन हवालदार होते. वयस्क, चष्मा नाकावर घसरलेला, बोलायला गोड. त्यांनी परवाना उलटून बघितला.

"बाबा, वय काय?"

"ऐंशी पार झाली."

"परवाना पुढच्या वर्षी संपतोय. या खेपेला साहेब वयस्कर लोकांचे परवाने बारकाईनं बघणार आहेत. वारस कोण लावायचा?"

"पोरगं हाय. कॅनडात."

"नागरिक इथला का तिथला?"

"तिथला."

"मग ते नाही व्हायचं, बाबा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही?"

"मी नुसती सोबत आलेय," मी म्हणाले. "लेक आहे त्यांची."

माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं की बोलून झाल्यावर मलाच ते ऐकू आलं. नानांनी मान हलवली, हो, सोबत आलीय. हवालदारांनी बंदुकीला चिठ्ठी बांधली आणि हळू आवाजात म्हणाले, "घरात वारस नसेल, तर सरकारजमा करून मोकळं व्हा. पुढं चालून वणवण नको. निकाल लागेपर्यंत विचार करून ठेवा."

घरी आल्यावर मी नानांना चहा दिला. "माझ्या बापानं माझ्या हातात दिली," ते म्हणाले, "आन् मी ती कोनाड्यातली अडगळ म्हणून सरकारला देऊ?" मला त्यांची कीव आली आणि रागही आला. वारस कोण, वारस कोण, म्हणून ते सातासमुद्रापार बघत होते आणि चहा करणारी समोर उभी होती. पण मी कपबशी घेऊन आत गेले. नको असलेली गोष्ट मागायची कशी, आणि ती नको होती की हवी होती हेही मला नीट माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी भावाचा फोन आला, आणि तोही बंदुकीच्याच काळजीत. त्यांच्याकडे तेव्हा गोळीबाराच्या बातम्या गाजत होत्या. एका पक्षानं जाहीर केलं होतं की निवडून आलो तर लष्करी धाटणीच्या रायफली बंद करू, लोकांकडून विकत घेऊ. दुसरा पक्ष म्हणत होता, परवानेवाल्यांना हात लावणार नाही. भावाची रायफल त्या यादीत येते का नाही, यावर क्लबातल्या लोकांची रोज चर्चा. कोणी म्हणायचं, आज ही रायफल, उद्या शिकारीची बंदूक. भावाच्या शेजारी एक शिकारी म्हातारा राहतो, तो तर झोपच विसरला होता.

"नाना, घेऊन जातील हो माझी," भाऊ म्हणाला.

"तू असं कर," नाना म्हणाले. "आपणहून ठाण्यात जमा करून टाक. निकाल लागला की आणायची. पावती सांभाळून ठेव."

"नाना, इकडे निवडणुकीत बंदूक जमा करत नाहीत."

"मग निवडणूक होते कशी?"

भावाची खरी पंचाईत निराळीच होती. ज्या पक्षाला तो आजवर मत देत आला, बाहेरून आलेल्यांशी जो चांगला वागतो असं त्याला वाटायचं, तोच त्याची रायफल मागत होता. ज्याला रायफल चालत होती, त्याचं बाकीचं बोलणं भावाला पटत नव्हतं. आणि घरात भावजय. ती मागून मोठ्यानं म्हणाली, "जाऊ दे की ती बंदूक. मुलं शाळेत जातात इथं, रोज जीव मुठीत धरून बसायचं." मला भावजयीचं पटलं. भावाचंही थोडं पटलं, कारण त्यानं आयुष्यात एका कागदी गोलाशिवाय कशावरही नेम धरला नव्हता. नानांना तर दोघांचंही कळलं नाही.

"ताई, तूच सांग कोणाला मत देऊ," भाऊ म्हणाला.

"मला इथलंच ठरवता येत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

मग खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा असते. नाना कुदळ, कोयता, द्राक्षाच्या छाटणीच्या कात्र्या, औषध फवारायचा पंप सगळं धुऊन मांडतात, आणि मधोमध पाटावर बंदूक. त्या दिवशी झेंडूचा भाव वर असतो, फुलवाल्यांना श्वास घ्यायला उसंत नसते, पण मी पहाटेचा माल उतरवून नानांकडे फुलं घेऊन जातेच. या वेळी पोचले तर सगळी अवजारं मांडलेली आणि पाट रिकामा. नाना त्या रिकाम्या पाटासमोर बसले होते.

"मधी निवडणुका यायच्या, पण नवमी सोडून यायच्या," ते म्हणाले. "या घरात पाट रिकामा राह्यला नाय कधी."

मी म्हणाले, पाटावर कात्री ठेवा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी देवाच्या जागी वांगं ठेवायला सांगितलंय. तेवढ्यात त्यांनाच सुचलं.

"तिकडं फोन लाव," म्हणाले. "पोराला. त्याच्याकडं हाय ना एक?"

त्याच्याकडे अजून आदल्या दिवसाची रात्र होती, जेवणं नुकतीच आटपलेली. "नाना, इथं अजून अष्टमी आहे," तो म्हणाला. "तुझी अष्टमी चालू दे, नवमी आमची धरू," नाना म्हणाले. भाऊ तळघरात गेला. त्याची रायफल लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, रायफलीच्या घोड्याला आणखी एक कुलूप, काडतुसं तिसरीकडे. तिथला कायदाच तसा. किल्ल्या शोधण्यात बराच वेळ गेला. तोवर मी मोबाईल पाटावर, सुपारीच्या डब्याला टेकवून उभा केला. शेवटी रायफल टेबलावर आली आणि नाशकातल्या पाटावर कॅनडातली बंदूक दिसायला लागली.

नाना चष्मा लावून वाकले. "काळी का रे? लाकूड कुठं हाय हिला?"

"लाकूड नसतं नाना. प्लास्टिकसारखं असतं."

"प्लास्टिकची हाय?" नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "याच्यासाठी तिथलं सरकार घाबरतंय?"

त्यांनी हळदकुंकू घेतलं आणि पडद्यावरच्या रायफलीला बोट लावलं. ओलं बोट लागताच फोन बंद पडला. परत लावला. दुसऱ्यांदा अक्षता टाकल्या, तर पडद्यावर नुसता भावाच्या तळघराचा पंखा दिसायला लागला. तिसऱ्यांदा मी नानांचा हात धरूनच ठेवला आणि फुलं मोबाईलच्या बाजूनं वाहायला लावली. तिकडं भावाची मुलं हसून लोळत होती, भावजयही हसत होती. नाना मात्र गंभीर. त्यांनी मनापासून नमस्कार केला. पाट रिकामा राहिला नाही.

मग नाना म्हणाले, "उघडून दाव. नळी बघू."

भाऊ गडबडला. "ती अशी उघडत नाही नाना. आणि साफसफाई मला तितकी जमत नाही. क्लबात एक म्हातारा आहे, तो करून देतो."

"दुसऱ्याकडून पुसून घेतो?" नानांचा आवाज चढला. "बंदूक ठेवतो आन् पुसता येत नाय? तेल किती, चिंधी कसली, ते तरी ठाव हाय का? ताईला विचार. तिला सगळं येतंय. ल्हानपणापून तीच..."

आणि तिथं ते थांबले.

मी निरांजन सारखं करत होते. वर बघितलं तर नाना माझ्याकडे बघत होते. खूप दिवसांनी घरी आलेल्या माणसाकडे बघतात तसं. तिकडून भाऊ म्हणाला, "खरंय नाना, ताईला सगळं येतं. मी खाटेखाली असायचो." आरती झाली, प्रसाद झाला. मी निघताना नाना गाडीपर्यंत आले आणि म्हणाले, "गज माळ्यावर हाय. पुढच्या येळेला काढून ठेव." एवढंच. द्वारकेच्या चौकात अडकले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी एकटीच हसतेय.

मतदानाच्या दिवशी मी नानांना केंद्रावर नेलं. भावानं त्यांना आधी फोन करून विचारलं होतं, शेवटचं सांगा, बंदुकीकडे बघू की बाकीकडे? नाना म्हणाले, "माझ्या घरात बंदूक इतकी वर्षं हाय. मत कोणाला देऊ, असं मी तिला कधी विचारलं नाय." मत देऊन घरी आल्यावर त्यांनी फोनवर शाई लावलेलं बोट त्याला दाखवलं आणि तुझं दाव म्हणाले. तिथं शाई लावतच नाहीत हे ऐकून त्यांचा त्या निवडणुकीवरचा उरलासुरला विश्वासही उडाला. भावानं मत कोणाला दिलं ते मी दुसऱ्या दिवशी विचारलं. "मतदान गुप्त असतं, ताई," तो म्हणाला. भावजयीनं मागून सांगितलं की ते तिलाही गुप्तच आहे.

निकाल लागले. इथं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, सरकार कोणाचं यावर आमच्याकडे बरेच दिवस कोणाचंच एकमत नव्हतं. ठाण्यातून निरोप आला, बंदूक घेऊन जा. नाना तोच पांढरा सदरा घालून बसले होते, पण मांडी मोकळी. रस्ताभर ते खिडकीबाहेर बघत होते. वारसाचं काय ठरवलं, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

चष्मेवाल्या हवालदारांनी बंदूक आणून टेबलावर ठेवली. नानांनी खोळ सोडली आणि त्यांचा हात तिथंच थांबला. लाकडी दस्त्यावर कुंकवाचं बोट होतं, आणि घोड्यापाशी झेंडूची एक सुकलेली पाकळी अडकली होती.

"आमच्याकडेही नवमीची पूजा होते," हवालदार म्हणाले. "आमच्या रायफली मांडल्या. म्हटलं, तुमच्यावाल्या आत नुसत्या बसल्यात, त्यांनी काय केलंय? सगळ्यांनाच एकेक बोट लावलं."

नानांनी टोपी काढून डोळे पुसले. मग ती पाकळी उचलून खिशात ठेवली. हवालदारांनी सहीसाठी कागद पुढं सरकवला आणि विचारलं, "बाबा, वारसाचा विचार केला का काही?"

"केला की," नाना म्हणाले. "ही काय उभी हाय."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. "मागच्या वेळी म्हणाल्या होत्या, नुसती सोबत आलेय."

"ती तसंच म्हणत आलीया," नाना म्हणाले. "मीबी तसंच ऐकत आलो."

सही करायला पेन हातात घेतलं ते नानांनी, पण नंतर पावती माझ्याच हातात दिली.

त्यानंतर जे झालं ते पुष्कळ आणि कंटाळवाणं आहे. अर्ज, चौकशी, डॉक्टरचा दाखला, रायफल क्लबातलं प्रशिक्षण. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, बाई, तुम्हाला बंदूक कशासाठी पाहिजे? आता मळ्यावर जाळ्या आल्यात, पाखरांसाठी म्हणणं खोटं झालं असतं. मी म्हणाले, दर रविवारी पुसायला. ते हसले, आणि त्यांनी आपल्या शब्दांत काहीतरी बरं लिहिलं असावं. प्रशिक्षणात पहिला बार काढला तेव्हा खांदा निळा झाला. सासूबाईंनी हळदीचा लेप लावला आणि म्हणाल्या, इतक्या तोफा गावात असताना घरात आणखी एक कशाला. माझ्या नवऱ्यानं त्या बाराचा व्हिडिओ काढून भावाला पाठवला. भावानं प्रामाणिकपणे कळवलं की बार व्हायच्या आधी त्यानं कानात बोटं घातली होती.

भावाच्या रायफलीचं म्हणाल, तर तिकडं बंदी म्हणणाराच पक्ष सरकारात आला आणि ती पुढच्या वर्षी यादीत आलीच. पण सरकारनं ती लगेच नेली नाही. वापरायची नाही, विकायची नाही, क्लबात न्यायची नाही, कुलपात ठेवायची आणि पुढचं कळवेपर्यंत वाट बघायची. मुदत संपली की मुदत वाढायची. शेजारचा शिकारी म्हातारा त्यावर अजून रोज चिडतो. भावजयीला वाटतं एकदाची घेऊन जावी. नानांना हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी त्याच्या घरी कायमचीच आचारसंहिता." मग त्यांना भावाची दया आली, आणि तेव्हापासून दर नवमीला ते आधी त्याला फोन लावायला सांगतात. कुलपात असली म्हणून काय झालं, पूजेला बंदी नाही ना, म्हणतात.

मागच्या लोकसभेच्या वेळी निरोप माझ्या फोनवर आला. आमच्याकडच्या ठाण्यातून, माझ्या नावानं. मी आदल्या रविवारी बंदूक पुसून, नळीत आरसा बघून ठेवली होती. नाना हट्टानं मखमलाबादहून आले. हातात आता काठी असते, पण सदरा तोच, टोपी तीच. ठाण्यात रांग होती आणि रांगेत तीच गाऱ्हाणी, फक्त माणसं नवी. टेबलावर एक तरुण पोलीस होता. त्यानं मान वर करून आधी पांढरी टोपी बघितली, मग खोळ, आणि माझ्या खांद्यावरून हात पुढं केला.

"बाबा, परवाना द्या."

नाना काठी टेकवत एक पाऊल मागं सरकले.

"हिला विचारा," ते म्हणाले. "मी नुसता सोबत आलोय."